मनोविश्लेषणाच्या चळवळीतील मतभेद

शास्त्रज्ञांमध्ये मतभेद होतात, स्पर्धा होते, एखाद्या शोधाचा मान कोणाचा यावरून कटुताही येते. यात नवल करण्यासारखे काही नाही. कारण शास्त्रज्ञ झाला तरी तो माणूसच असतो. महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. असा मतभेद उत्पन्न झाला म्हणजे त्याचा निकाल कोणी व कशाच्या आधारे लावावयाचा? मनोविश्लेषण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारपद्धतीचा आरंभीचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास फार उपयोगी आहे. त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी तिच्या जनकाच्या तरुणपणातील एक प्रसंग पाहणे इष्ट ठरेल.

१८८४ साली सिग्मुंड फ्रॉइड हा व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात काम करणारा २८ वर्षांचा डॉक्टर होता. दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांपासून मिळणाऱ्या कोकेनचा अभ्यास करून त्याने त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. कोकेनने शरीराचा भाग बधिर होतो याचा उल्लेख त्या निबंधात होता. परंतु फ्रॉइडचे लक्ष थकवा व औदासीन्य यांवरील औषध म्हणून त्याचा काय उपयोग होईल याकडेच अधिक होते. त्याचा सहकारी कार्ल कोलर याला नेत्रवैद्यकात रस होता. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा बधिर करता येईल असे द्रव्य तो शोधीत होता. त्याने कोकेनचे द्रावण प्रथम बेडकाच्या डोळ्यात घातले, मग ससा व कुत्रा यांच्या, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात घातले. टाचणीने स्पर्श केला तरी डोळ्यास काही जाणवेना. सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च न परवडल्यामुळे कोलर स्वतः गेला नव्हता. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टराने वाचून दाखविला. तरीही कोणी शंका घेतली नाही, कारण प्रयोग त्याच ठिकाणी करून पाहता येत होता.

फ्रॉइड त्या दिवसांत आपल्या वाग्दत्त वधूस भेटण्यासाठी परगावी गेला होता. एक मोठी कीर्ती त्याच्या हातून थोडक्यात निसटली. परंतु हा शोध कोलरचा आहे हे त्याने मान्य केले. याच द्रव्याने त्याला दुसरा, अधिक कठोर धडा दिला. मॉर्फिनचे व्यसन सुटावे म्हणून त्याने आपला मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल याला कोकेन दिले होते. त्या मित्राला कोकेनचेच व्यसन जडले आणि १८९१ साली त्याचे निधन झाले. कोकेन निरुपद्रवी आहे हे फ्रॉइडचे मत इतर डॉक्टरांच्या अनुभवाने खोटे ठरले.

या दोन्ही वेळी निर्णय दिला तो वस्तुस्थितीने. टाचणी लागली की नाही, व्यसन जडले की नाही, हे कोणालाही पाहता येत होते. पुढे फ्रॉइडने जे शास्त्र उभारले त्यात मात्र ही सोय नव्हती. त्या उणिवेचे परिणाम कसे झाले हे आता क्रमाने पाहू.

बंद दाराआडचा पुरावा

मनोविश्लेषणाची मूळ कल्पना थोडक्यात अशी सांगता येईल. माणसाच्या मनाचा बराच भाग त्याला स्वतःला ठाऊक नसतो. दुःखद किंवा लज्जास्पद वाटणाऱ्या स्मृती व इच्छा या अबोध भागात दडपल्या जातात. पण त्या नाहीशा होत नाहीत. स्वप्ने, बोलण्यातील चुका आणि मानसिक विकारांची लक्षणे या रूपांनी त्या प्रकट होतात. रुग्णाला मनात येईल ते मोकळेपणाने बोलू दिले तर त्या स्मृतींचा माग लागतो, आणि त्या जाणिवेत आल्या म्हणजे विकार ओसरतो.

या कल्पनेचे बीज फ्रॉइडला योझेफ ब्रॉयर या वडीलधाऱ्या डॉक्टराकडून मिळाले. १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयरने हिस्टेरियाने पीडित अशा एका बुद्धिमान तरुणीवर उपचार केले होते. आपल्या त्रासाविषयी ती बोलू लागली की तिची लक्षणे काही काळ कमी होत. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावर संयुक्त ग्रंथ लिहिला, त्यात ही हकिकत ‘आना ओ.’ या टोपणनावाने दिली आहे. ग्रंथ वाचणाऱ्याचा समज असा होतो की या उपचारांनी ती बरी झाली. परंतु उपचार संपल्यानंतर, १८८२ सालीच, तिला स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगन येथील आरोग्यधामात ठेवावे लागले होते, हे नंतरच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले. ती पुढे सावरली आणि बेर्टा पापेनहाइम या आपल्या खऱ्या नावाने स्त्रियांच्या व अनाथ मुलींच्या हितासाठी झटणारी कार्यकर्ती म्हणून प्रसिद्धीस आली, ही गोष्ट निराळी.

या उदाहरणावरून अडचण कोठे होती ते कळते. उपचाराच्या खोलीत दोनच माणसे असत. तेथे काय बोलले गेले, रुग्णास खरोखर उतार पडला की नाही, याविषयी बाहेरच्या माणसास वैद्याच्या शब्दावरच विसंबावे लागे. खुद्द ग्रंथाचे दोन लेखकही फार काळ एकमताने राहिले नाहीत. सर्व हिस्टेरियाच्या मुळाशी कामजीवनातील कारणे असतात असे फ्रॉइड आग्रहाने म्हणू लागला, तेव्हा इतक्या व्यापक विधानास ब्रॉयरने संमती दिली नाही. काही वर्षांतच त्यांची मैत्री संपुष्टात आली.

२१ एप्रिल १८९६ रोजी फ्रॉइडने व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञांपुढे व्याख्यान दिले. हिस्टेरियाच्या १८ रुग्णांच्या तपासणीवरून त्याने असा सिद्धान्त मांडला की, या विकाराचे मूळ बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचारात असते. अध्यक्षस्थानी क्राफ्ट-एबिंग हा नामांकित मनोविकारतज्ज्ञ होता. हे सारे शास्त्रीय परीकथेसारखे वाटते, असा अभिप्राय त्याने दिल्याचे फ्रॉइडने आपला बर्लिनचा मित्र विल्हेल्म फ्लीस यास कळविले आहे. हा अपमान फ्रॉइडच्या मनाला लागला. परंतु पुढच्याच वर्षी, २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात, आपला या सिद्धान्तावरील विश्वास उडाल्याचे त्याने त्याच मित्रास लिहिले. रुग्ण सांगतात त्या साऱ्याच घटना घडलेल्या असतील असे नाही. अबोध मनात सत्य व कल्पना यांतील भेद ओळखण्याची खूण नसते, असे त्यास वाटू लागले होते. हा बदल त्याने जाहीर रीतीने सांगितला तो मात्र पुष्कळ वर्षांनी. अत्याचार खरा की कल्पित, हा प्रश्न येथे मिटला नाही. या लेखाच्या शेवटी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

स्वप्नांवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये बाहेर पडला. मुखपृष्ठावर प्रकाशकाने १९०० हे वर्ष छापले होते. ६०० प्रतींची ही आवृत्ती खपण्यास आठ वर्षे लागली. फ्लीसशी असलेली मैत्रीही याच सुमारास तुटली आणि प्रत्येक व्यक्तीत स्त्री व पुरुष या दोहोंची लक्षणे असतात या कल्पनेचा मान कोणाचा, यावरून पुढे उघड वाद माजला. फ्रॉइड या काळाचे वर्णन एकाकीपणाचा काळ असे करी. हेन्री एलेनबर्गर या इतिहासकाराने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत ग्रंथात हे चित्र बरेच पालटले आहे. फ्रॉइडच्या पुस्तकांची परीक्षणे येत होती, त्यांतील काही अनुकूलही होती. तथापि आपण साऱ्या जगाविरुद्ध एकटे उभे आहोत ही भावना खरी होती, आणि पुढील घटनांवर तिची छाया पडलेली दिसते.

बुधवारची मंडळी

१९०२ च्या शरद ऋतूत फ्रॉइडच्या बर्गगास या रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी चार डॉक्टर जमू लागले. आल्फ्रेड ॲडलर, विल्हेल्म श्टेकेल, माक्स काहाने व रूडोल्फ राइटलर अशी त्यांची नावे. एकाने निबंध वाचावयाचा, मग कॉफी व फराळ, आणि नंतर चिठ्ठ्या काढून ज्याचे नाव येईल त्या क्रमाने प्रत्येकाने बोलावयाचे, असा शिरस्ता होता. न बोलण्याची मुभा कोणासही नसे. शेवटचा शब्द बहुधा फ्रॉइडचा असे. १९०६ पासून ऑटो रांक हा तरुण मंडळाचा पगारी चिटणीस झाला व त्याने लिहून ठेवलेल्या टिपणांमुळे या बैठकांत काय बोलले जाई ते आज कळू शकते.

आरंभीचा उत्साह लवकरच वादविवादांत गढूळ झाला. एकमेकांच्या स्वप्नांचे व चुकांचे अर्थ लावणारी ही मंडळी एकमेकांच्या मतांमागील हेतूंचेही अर्थ लावू लागली. कल्पनांची मालकी हा दुसरा तंट्याचा विषय. बैठकीत बोललेला विचार दुसऱ्याने आपल्या लेखात वापरला तर काय? मूळ वक्त्याच्या परवानगीवाचून कोणी त्याचा विचार वापरू नये, असा नियम करण्याची सूचना १९०८ च्या आरंभी पुढे आली. आपण बोललेल्या विचारांचा कोणीही उपयोग करावा, असे सांगून फ्रॉइडने आपल्यापुरता तो हक्क सोडून दिला. त्याच वर्षी या बैठकांना व्हिएन्ना मनोविश्लेषण मंडळ असे रीतसर नाव मिळाले.

याच सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक येथून चळवळीला मोठे बळ मिळाले. तेथील बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयाचा प्रमुख आयगेन ब्लॉयलर हा विद्यापीठाचा प्राध्यापक होता. त्याचा सहायक कार्ल गुस्टाव युंग याने शब्दसाहचर्याचे प्रयोग केले होते. एकेक शब्द उच्चारून रुग्णाने दिलेला प्रतिशब्द व त्यास लागलेला वेळ तो मोजी. मनास बोचणारा शब्द आला की उत्तरास उशीर होई. फ्रॉइडच्या दमनाच्या कल्पनेस येथे मोजमापाचा आधार मिळण्याची शक्यता दिसू लागली. मार्च १९०७ मध्ये युंग प्रथमच व्हिएन्नास आला, आणि दोघांत गाढ स्नेह जडला. एप्रिल १९०८ मध्ये साल्झबुर्ग येथे पहिले संमेलन भरले. सप्टेंबर १९०९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने फ्रॉइड व युंग यांस व्याख्यानांसाठी बोलावून सन्माननीय पदव्या दिल्या.

ॲडलरचा राजीनामा

मार्च १९१० मध्ये न्यूरेंबर्ग येथे दुसरे संमेलन भरले. तेथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करण्याचा प्रस्ताव बुडापेस्टचा डॉक्टर सांडोर फेरेन्झी याने मांडला. संघटनेचे केंद्र झुरिक व अध्यक्ष युंग असावा आणि सभासदांच्या लिखाणावर देखरेख करण्याचाही अधिकार अध्यक्षास असावा, अशी मूळ योजना होती. यामागे फ्रॉइडचा हेतू होता. व्हिएन्नातील त्याचे बहुतेक अनुयायी ज्यू होते. ज्यूद्वेषाने भरलेल्या त्या काळात मनोविश्लेषण ही एका जमातीची खासगी बाब मानली जाईल, अशी त्याला भीती वाटे. युंग हा ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मुलगा, आणि पाठीशी नामांकित रुग्णालय. तेव्हा नेतृत्व त्याच्याकडे जावे हे फ्रॉइडला इष्ट वाटले.

आठ वर्षे साथ दिलेल्या व्हिएन्नाच्या मंडळींना हा प्रस्ताव मानहानिकारक वाटला. निषेध करण्यासाठी ती श्टेकेलच्या हॉटेलमधील खोलीत जमली. फ्रॉइडने तेथे जाऊन त्यांची समजूत घातली. तडजोड अशी झाली की, अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची ठरावी. लिखाणावरील देखरेखीची कल्पना सोडून द्यावी. व्हिएन्ना मंडळाचे अध्यक्षपद ॲडलरकडे जावे आणि एक नवे मासिक ॲडलर व श्टेकेल यांनी चालवावे.

ही तडजोड वर्षभरही टिकली नाही, कारण ॲडलरचा विचारच निराळ्या वाटेने चालला होता. एखादे इंद्रिय जन्मतः दुबळे असले तर शरीर व मन त्याची भरपाई करण्यासाठी कसे धडपडते, यावर त्याने १९०७ साली पुस्तक लिहिले होते. विकारांच्या मुळाशी कामप्रेरणेचे दमन नसून स्वतःच्या उणेपणाची जाणीव व तिच्यावर मात करण्याची धडपड असते, असे तो म्हणू लागला. आज मराठीत रूढ झालेला न्यूनगंड हा शब्द याच विचाराशी निगडित आहे. १९११ च्या जानेवारी व फेब्रुवारीत मंडळापुढे त्याने आपली मते मांडली व त्यांवर अनेक बैठका चर्चा झाली. फ्रॉइडने कठोर टीका केली. ॲडलरने अबोध मनाकडे व कामप्रेरणेकडे पाठ फिरविली आहे, असा तिचा रोख होता. ॲडलरने अध्यक्षपदाचा व नंतर सभासदत्वाचा राजीनामा दिला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मंडळाने ठराव केला की, ॲडलरच्या नव्या संस्थेचे सभासदत्व व या मंडळाचे सभासदत्व ही एकत्र नांदू शकत नाहीत. आणखी काही सभासद बाहेर पडले.

या वादात दोन्ही पक्षांकडे रुग्णांच्या हकिकती होत्या. पण एकच हकिकत दोघेही आपापल्या सिद्धान्तानुसार समजावून देऊ शकत. कोणती निरीक्षणे आढळली तर फ्रॉइडचे मत चूक ठरेल आणि कोणती आढळली तर ॲडलरचे, हे आधी ठरविण्याचा प्रयत्न झाला नाही. म्हणून अखेरचा निर्णय सभासदत्वाच्या ठरावाने झाला. ब्लॉयलरला नेमकी हीच गोष्ट खटकत होती. शास्त्रीय संस्थेने दारे उघडी ठेवावीत असे त्याचे मत होते. १९११ मध्येच त्याने संघटना सोडली.

युंगशी ताटातूट

१९१२ च्या नोव्हेंबरात श्टेकेलही बाहेर पडला, आणि मासिक त्याच्याकडेच राहिले. फ्रॉइडला १९१३ पासून नवे नियतकालिक सुरू करावे लागले. पण याहून मोठा आघात पुढे होता. ज्याला आपला वारस मानले त्या युंगनेच १९११ व १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ प्रबंधात मूळ सिद्धान्ताची पुनर्मांडणी केली. फ्रॉइडच्या मते लिबिडो म्हणजे कामप्रेरणेची शक्ती. युंगने तिला मनाची सर्वसामान्य शक्ती मानले. पुराणकथांतील प्रतिमांचा अर्थही त्याने त्यानुसार लावला. १९१२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथील फोर्डम विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्याने हे मतभेद उघडपणे मांडले.

दोघांमधील पत्रव्यवहार वाचताना तात्त्विक मतभेद व वैयक्तिक दुखावलेपण यांची सरमिसळ कशी झाली ते दिसून येते. १८ डिसेंबर १९१२ च्या पत्रात युंगने स्पष्ट आरोप केला की, फ्रॉइड आपल्या शिष्यांना रुग्णांप्रमाणे वागवितो. कोणी विरोध केला की तो मताचा विचार न करता विरोध करणाऱ्याच्या मनाचा दोष काढतो. ३ जानेवारी १९१३ च्या पत्रात फ्रॉइडने वैयक्तिक संबंध थांबविण्याची सूचना केली. सप्टेंबर १९१३ मध्ये म्युनिक येथील संमेलनात युंग पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आला, परंतु ५२ पैकी २२ जणांनी मत दिले नाही. एप्रिल १९१४ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडले व त्याच वर्षी झुरिकचे मंडळही संघटनेतून निघून गेले.

युंगने केलेल्या आरोपाचे महत्त्व त्या भांडणापुरते नाही. उपचार करताना रुग्ण एखादा अर्थ नाकारू लागला तर त्या नकारास प्रतिरोध म्हणतात, आणि वैद्य त्याचाही अर्थ लावतो. हेच साधन टीकाकारावर चालविले तर टीका हीच सिद्धान्ताचा पुरावा होऊन बसते! मग सिद्धान्त चुकीचा आहे असे म्हणण्यास जागाच उरत नाही. हा धोका फ्रॉइडला ठाऊक होता. १९१४ साली लिहिलेल्या चळवळीच्या इतिहासात, विश्लेषण हे वादविवादाचे हत्यार नव्हे, असे त्याने बजावले आहे. परंतु त्याच लेखात, मनोविश्लेषण ही आपली निर्मिती असल्याने ते काय आहे हे आपणाइतके दुसरा कोणी जाणत नाही, असाही दावा केला आहे. खासगी पत्रांत तर विरोधकांच्या मनाचे निदान करण्याची सवय दोन्ही बाजूंना होती.

सहा अंगठ्या

ॲडलर व श्टेकेल गेले, युंग जाण्याच्या वाटेवर होता, अशा वेळी १९१२ मध्ये अर्नेस्ट जोन्स या ब्रिटिश अनुयायाने एक गुप्त समिती नेमण्याची कल्पना काढली. जोन्स, फेरेन्झी, रांक, कार्ल आब्राहाम व हान्स झाक्स हे तिचे आरंभीचे सभासद. माक्स आयटिंगॉन पुढे १९१९ साली आला. मूलभूत सिद्धान्तांपासून दूर जावेसे वाटल्यास आधी इतरांशी चर्चा केल्यावाचून जाहीर रीतीने तसे लिहावयाचे नाही, असे सभासदांनी ठरविले. मे १९१३ मध्ये फ्रॉइडने आपल्या संग्रहातील प्राचीन ग्रीक कोरीव खडे त्यांना दिले व त्यांनी ते सोन्याच्या अंगठ्यांत बसवून घेतले. आयटिंगॉन आल्यावर अंगठ्या सहा झाल्या.

बाहेरून होणारा उपहास व आतील फाटाफूट पाहता ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु या समितीलाही फूट टाळता आली नाही. १९२४ च्या सुमारास रांक याने सर्व चिंतेचे मूळ जन्माच्या वेळी बसणाऱ्या धक्क्यात आहे, असे प्रतिपादणारे पुस्तक प्रसिद्ध केले. कारखान्यातील साध्या नोकरीतून फ्रॉइडने वर आणलेला, त्याचा जवळजवळ पुत्रवत् असा हा सहकारी. फ्रॉइडने प्रथम पुस्तकाचे स्वागत केले. आब्राहाम व जोन्स यांनी मात्र त्यात युंगप्रमाणेच फुटीची चिन्हे पाहिली. समिती विस्कटली. रांकने १९२४ च्या अखेरीस सहकाऱ्यांची लेखी क्षमा मागितली, तथापि १९२६ मध्ये तो व्हिएन्ना कायमचा सोडून गेला. जन्माच्या धक्क्याची कल्पना चूक असेल किंवा बरोबर. परंतु क्षमा मागून तिचा निर्णय होण्यासारखा नव्हता.

कलकत्त्याची पत्रे

याच वर्षांत फ्रॉइडचा पत्रव्यवहार एका भारतीय डॉक्टरांशी चालू होता, आणि त्यातील मतभेदाचा शेवट निराळा झाला. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी दमनाच्या कल्पनेवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली फ्रॉइडकडे पाठविला. १९२२ साली कलकत्त्यातील पारशीबागान लेनमधील आपल्या घरी त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली व ती आंतरराष्ट्रीय संघटनेत सामील झाली. बोस हे आज्ञाधारक शिष्य नव्हते. प्रत्येक इच्छेबरोबर मनात तिच्या उलट इच्छाही असते व विकाराचे मूळ या जोडीत शोधले पाहिजे, असा त्यांचा स्वतःचा सिद्धान्त होता. १९२९ साली त्यांनी फ्रॉइडला लिहिले की, यूरोपीय रुग्णांत ठळकपणे आढळणारी बाल्यावस्थेतील एक भीती आपल्या भारतीय रुग्णांत तितक्या ठळकपणे दिसून येत नाही.

मूळ सिद्धान्तास हा धक्काच होता. फ्रॉइडने मतभेदाची नोंद घेतली, पण संबंध तोडले नाहीत. १९३१ साली त्याच्या ७५ व्या वाढदिवसानिमित्त कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट म्हणून गेली. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, परंतु पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालू होता. आणि बोस १९५३ साली निधन होईपर्यंत संस्थेचे अध्यक्ष होते. अंतर मोठे असल्याने वारसाहक्काचा प्रश्न येथे नव्हता, हे सौम्यतेचे एक कारण असावे. परंतु या पत्रांचा दुसराही बोध आहे. एका देशातील रुग्णांवरून काढलेला नियम दुसऱ्या देशातील रुग्णांना लागू पडतो की नाही, ही शास्त्रीय कसोटी होती. ती कसोटी लावण्याचे काम पुढे चिकाटीने झाले असते तर चळवळीचा मोठा लाभ झाला असता.

फेरेन्झीचा निबंध

अंगठी धारण करणाऱ्यांपैकी फेरेन्झी हा फ्रॉइडचा सर्वांत जिवलग सहकारी. अवघड व निराशाजनक मानलेले रुग्ण त्याच्याकडे येत. त्यांच्याशी बोलताना त्याची अशी खात्री होत गेली की, बालपणी झालेल्या अत्याचाराच्या ज्या हकिकती आपण कल्पित समजतो, त्यांतील पुष्कळ खऱ्या असतात. आणि मोठी माणसे त्या नाकारतात याने मुलाची हानी दुप्पट होते. सप्टेंबर १९३२ मध्ये वीसबाडेन येथील संमेलनासाठी त्याने या विषयावर निबंध लिहिला. फ्रॉइडने तो प्रसिद्ध करू नये असा सल्ला दिला. फेरेन्झीने संमेलनात तो वाचला, पण मने दुरावली. काही महिन्यांतच, २२ मे १९३३ रोजी, रक्तक्षयाच्या विकाराने त्याचे निधन झाले. इंग्रजी भाषेत हा निबंध १९४९ पर्यंत आला नाही. जोन्सने १९५७ मध्ये फ्रॉइडच्या चरित्रात, फेरेन्झीचे मन अखेरीस बिघडले होते, असे लिहिले. त्याला अखेरपर्यंत पाहिलेल्या सहकाऱ्यांनी त्याचा प्रतिवाद केला.

फेरेन्झीचे सारे म्हणणे सिद्ध झाले होते असे नव्हे. उपचाराच्या खोलीतील पुराव्याची जी अडचण फ्रॉइडला १८९७ मध्ये होती तीच त्यालाही होती. परंतु अशा वेळी प्रश्न उघडा ठेवून अधिक शोध करावयाचा असतो. येथे तो जवळजवळ बंद करण्यात आला, आणि त्याची किंमत शास्त्रज्ञांनी नव्हे, तर ज्यांचे बोलणे ऐकून घेतले गेले नाही त्या रुग्णांनी व मुलांनी दिली.

या प्रश्नावर पुढे प्रकाश पडू लागला तो अगदी निराळ्या दिशेने. अमेरिकेतील जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ साली काही तान्ह्या मुलांच्या क्ष-किरण चित्रांत हातापायांची मोडलेली हाडे दाखविली. त्या इजांचा खुलासा पालकांच्या सांगण्यावरून होत नव्हता. १९६२ साली डेन्व्हरच्या हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला, आणि घरात मुलांना मारहाण होते ही गोष्ट वैद्यकाला नाकारता येईना. क्ष-किरणाचे चित्र शरीरावरील आघातच दाखविते. लैंगिक अत्याचाराविषयी किंवा मनातील जखमेविषयी ते काही सांगत नाही. परंतु ते कोणत्याही डॉक्टराच्या हाती देता येते, आणि कोलरच्या टाचणीप्रमाणेच ते पाहणाऱ्याचा पंथ विचारीत नाही. मुलांच्या तक्रारी गांभीर्याने ऐकण्याची रीत वैद्यकात हळूहळू रुजू लागली. फेरेन्झीच्या निबंधाचेही वाचन नव्याने होऊ लागले. १९३२ साली त्याने लिहिलेली रोजनिशी १९८५ साली प्रसिद्ध झाली.

दरम्यान चळवळीवर बाहेरूनही संकटे कोसळली होती. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी फ्रॉइडचे ग्रंथ जाळले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केला, आणि ४ जूनला फ्रॉइडने व्हिएन्ना सोडली. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडन येथे त्याचा अंत झाला. ॲडलर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे व्याख्यानदौऱ्यावर असताना निवर्तला होता. रांक फ्रॉइडनंतर थोड्याच आठवड्यांत न्यूयॉर्क येथे वारला. भांडून दूर गेलेली ही माणसे परक्या भूमीत, एकमेकांशी न बोलता, काळाच्या पडद्याआड गेली.

या इतिहासावरून फ्रॉइडच्या कार्याचे मोल कमी ठरवावयाचे नाही. माणसाला स्वतःच्या मनाची पुरती ओळख नसते, ही जाणीव साहित्यात, शिक्षणात व वैद्यकात पसरली ती मुख्यतः त्याच्या परिश्रमामुळे. ॲडलर, युंग व फेरेन्झी यांचे कित्येक विचारही, ते बहिष्कृत झाल्यानंतर, उपचारपद्धतींत परत आले. ज्यांची परीक्षा रुग्णांच्या गटांवर तुलनेने घेतली गेली आहे अशा मानसोपचारांना आज अधिक मान मिळतो. दोन पद्धतींतील वाद मिटविण्यासाठी संशोधक कोणत्या निरीक्षणाने कोणती बाजू खोटी ठरेल हे आधीच लिहून ठेवतात. बर्गगासमधील त्या बुधवारच्या बैठकांत बुद्धी, वाचन, कष्ट आणि धैर्य यांची वाण नव्हती. ज्याच्यापुढे गुरू व शिष्य दोघांनीही मान तुकवावी असा समाईक पुरावा तेवढा त्यांच्यापाशी नव्हता. तो कसा मिळवावा, हे शोधण्याऐवजी त्यांनी कोण आपला व कोण परका हे ठरविण्यात आपली शक्ती वेचली.